रिदम गेम घ्यायचा का? आधी हिशोब, मग नाच

गेम झोन टाकायचा विचार करणारे बरेच जण विचारतात, "सर, जस्ट डान्स घेऊ, बीट सेबर घेऊ की गिटार हिरो?" तिन्ही गाण्याच्या ठेक्यावर खेळायचे गेम. पण धंद्यासाठी घेताय ना? मग कोणता भारी हे विचारू नका, कोणता पैसे वसूल करून देईल ते विचारा.

गिटार हिरो २००५ चा, प्लास्टिकच्या गिटारीवर खेळायचा. २०११ मध्ये कंपनीने मालिका थांबवली, २०१५ मध्ये परत आणली आणि २०१८ मध्ये त्याची ऑनलाइन गाणीही बंद झाली. जुनी गिटार स्वस्तात मिळाली तरी बटण तुटल्यावर दत्त चौकात पार्ट कुठे शोधाल?

बीट सेबर २०१८ चा. दिसायला जबरदस्त! पण एका व्हीआर हेडसेटवर एकच जण खेळतो. समजा गाणं आणि हेडसेट पुसणं धरून एका गिऱ्हाइकाला पाच मिनिटं लागली, पन्नास रुपये घेतले. सतत रांग असेल तरच तासाला ६०० रुपये. मंगळवारी दुपारी, यवतमाळच्या मे महिन्यात, रांग कुठून येणार? वरून बरीच गाणी वेगळी विकत घ्यावी लागतात.

जस्ट डान्स २००९ पासून आहे. युबिसॉफ्टच्या पुण्याच्या स्टुडिओनेही यावर काम केलंय. फोन हातात धरून चार पोट्टे एकदम नाचतात. तीस रुपयांप्रमाणे त्याच पाच मिनिटांचे १२० होतात, म्हणजे भरलेल्या तासाला १४४०. हिशोबात हाच जिंकतो. पण त्यात हिंदी-मराठी गाणी फार कमी आहेत, म्हणून यादी आधी बघा.

आता खरी मेख. घरी खेळायला घेतलेल्या प्रतीवर पैसे घेऊन लोकांना खेळवायला सहसा परवानगी नसते. गाणी सार्वजनिक वाजवायची तर पीपीएल, आयपीआरएस यांच्या परवान्याचा खर्चही धरा. "इथे कोण बघतंय?" असं म्हणू नका भाऊ. एक नोटीस आली की सहा महिन्यांची कमाई तिथेच जाते.

म्हणून माझं मत साफ आहे. घरच्या पोरांसाठी जस्ट डान्स बिनधास्त घ्या. धंद्यासाठी आधी कंपनीकडून लेखी परवानगी मागा. नाही मिळाली तर धंद्यासाठीच बनलेल्या आर्केड मशीनचा भाव काढा. तोही बसत नसेल तर भांडवल हातात ठेवा. न घेतलेल्या मशीनचा हप्ता भरावा लागत नाही!