कोर्टाच्या पायरीआधीची पायरी



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण खानदेशातून येताना शिदोरीसारखी बरोबर आणली. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीच्या घराघरांत ती आजही ऐकू येते. माझे स्पष्ट मत आहे की या म्हणीने आपले भले कमी आणि नुकसान जास्त केले. कोर्टाला भिणारा माणूस कोर्टापासून वाचत नाही. तो फक्त उशिरा पोहोचतो, आणि तोही रिकाम्या हाताने.

माझ्या परिचयातील एका बंधूंचे उदाहरण सांगतो. जॉबवर्कच्या पैशांचा चेक परत आला. 'पुढच्या आठवड्यात देतो' या शेठच्या शब्दावर चार महिने गेले. मग ते वकिलाकडे गेले. परंतु चेक परतल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस असतात आणि त्यानंतर एक महिन्यात तक्रार करायची असते. चेकची स्वतःची मुदतही तीनच महिने. फौजदारीचा रस्ता बंद झाला, दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता तेवढा उरला. यात वकिलाचा काय दोष? हक्क बुडाला तो वकील करण्याआधीच.

म्हणून पहिला नियम असा की कागद जपा आणि तारीख जपा. चलन, बिल, पगाराची चिठ्ठी, हजेरी कार्ड, नोटिशीचा लिफाफासुद्धा. मोबाईलमधील मेसेज पुसू नका.

दुसरा नियम सहीचा. इथल्या खालच्या कोर्टांचे काम गुजरातीत चालते. आपल्यापैकी अनेकांना गुजराती बोलता येते, वाचता येत नाही, आणि लाजेखातर आपण सही ठोकून मोकळे होतो. न वाचलेल्या किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका, मग कागद ठेकेदाराचा असो की वकिलाचा. पोलिसांत फिर्याद दिली तर ती वाचून दाखवणे बंधनकारक आहे आणि तिची प्रत मोफत मिळते. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर मात्र सही लागतच नाही. अटक झाली तर कारण सांगणे, नातेवाईकांना कळवणे आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करणे हा कायदा आहे, मेहरबानी नव्हे.

तिसरा नियम वकिलाबाबत. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक न्यायालयात दाद मागता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते, पण आधीची सावधगिरी केव्हाही बरी. फी किती आणि कशाकशाची, हे लिहून घ्या. पैशांची पावती घ्या. मूळ कागद दिले तर झेरॉक्स ठेवा आणि पोच घ्या. वकील बदलावासा वाटला आणि फी बाकी असली, तरी फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे.

'पण वकिलाला पैसा कुठून आणायचा?' असे कोणी विचारेल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. आपल्या कारखान्यांतील बहुतेक माणसे यात येतात! अठवा लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा. मुंबईच्या कोठड्यांतील महिलांसाठी पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि १९८३ साली आदेश निघाला, की अटक होताच जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवा. एका पत्राने एवढे झाले. आपण तर एक अर्जही करत नाही.

आता थोडे आपल्या मंडळांबद्दल. मंडपावर, मिरवणुकीवर आपण खर्च करतो, करावाही. पण महिन्यातून एक संध्याकाळ कागद वाचून सांगण्यासाठी का ठेवू नये? आपल्या शिकलेल्या मुला-मुलींनी प्राधिकरणाचे पॅरा लीगल स्वयंसेवक म्हणून नाव द्यावे, म्हणजे घाबरलेल्या माऊलीला मराठीत, अहिराणीत बोलणारे कोणी भेटेल. आणि मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला विचारा की आमच्या वस्तीत कायदा सल्ला केंद्र कधी? उत्तर लिहून घ्या, आणि त्यावर तारीखही घाला.

कोर्टाची पायरी चढावी लागू नये, हे खरेच. पण चढावी लागलीच, तर हातात कागद असावा आणि मुदत शिल्लक असावी. शहाणपण ते हेच.