चालतंय ना, मग लिहायचं कशाला?

रात्री तीनला सर्व्हर अडकतो. आपण रीस्टार्ट करतो, चालू होतो. सकाळच्या सहकाऱ्याला मेसेज जातो, 'सगळं ओके'. मीही असं केलं आहे. नोंद केली की मीटिंग आली आणि 'तुझ्याच शिफ्टमध्ये कसं झालं?' हा प्रश्नही. माझ्या त्या आळसापायी कुणाचा जीव गेला नाही. पण लायन एअरच्या अपघाताचा अहवाल वाचताना मला सारखा तो मेसेज आठवत होता.

28 ऑक्टोबर 2018 च्या रात्री बालीहून जकार्ताला निघालेल्या बोइंग 737 मॅक्सच्या कॅप्टनचं सुकाणू उड्डाण करताच थरथरू लागलं. विमानाची उचल संपत आली, असा हा इशारा. इशारा खोटा होता. त्याच दिवशी बसवलेला एक सेन्सर 21 अंशांनी चुकीचा कोन दाखवत होता, आणि त्या एकाच सेन्सरवर विसंबून एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर विमानाचं नाक खाली दाबत होतं. वैमानिकांनी ट्रिमचे स्विच बंद केले, पुढचा प्रवास हाताने चाक फिरवत केला आणि विमान सुखरूप उतरवलं. शाबासकीचंच काम!

पण नोंदवहीत काय लिहिलं? वेग आणि उंचीचे आकडे जुळत नाहीत, एक दिवा लागला. सुकाणू वाटभर थरथरत होतं, स्विच बंद करावे लागले, हे लिहिलंच नाही. तंत्रज्ञांनी लिहिलेल्या तक्रारीपुरती साफसफाई आणि तपासणी केली. सकाळी तेच विमान नव्या वैमानिकांच्या ताब्यात गेलं. आदल्या रात्रीचा उपाय त्यांना कुणी सांगितला नव्हता. काही मिनिटांत 189 माणसं जावा समुद्रात गेली.

सगळा दोष त्या कॅप्टनवर टाकणं सोपं आहे, आणि ते अन्यायाचं होईल. एमकॅस नावाची काही गोष्ट विमानात आहे, हेच बोइंगने वैमानिकांना सांगितलं नव्हतं. शिवाय दोन सेन्सरमधली तफावत दाखवणारा इशारा बहुतेक विमानांत चालतच नाही, हे कंपनीला 2017 मध्येच कळलं होतं. दुरुस्ती ठरली 2020 च्या अपडेटमध्ये. 'पुढच्या रिलीजमध्ये बघू' हे वाक्य आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय? मार्च 2019 मध्ये इथिओपियात दुसरं मॅक्स पडलं, आणखी 157 जण गेले.

माणूस लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्यालाच धरलं जातं. अमेरिकेत 1976 पासून वैमानिक आपली चूक नासाकडे कळवू शकतात. नाव काढून टाकलं जातं आणि बहुतेक वेळा शिक्षा होत नाही. तिथे लोक भरभरून लिहितात. आपल्याकडच्या कारखान्यात, हॉस्पिटलात, आयटी कंपनीत ही सोय मागायला हवी, आणि ती मागण्यात तरुण इंजिनिअर पुढे असायला हवेत.

मी आता रीस्टार्टचीसुद्धा नोंद करतो. परवा लीड म्हणाला, "अरे, चालतंय ना? मग एवढं कशाला लिहितोस?" मी म्हटलं, "सकाळच्या माणसासाठी."