दलदलीचा पत्ता कुणी लिहिला?

डायब्लोच्या चाहत्यांमधला एक वाद काही केल्या मिटत नाही: नेक्रोमॅन्सर मूळचा कुठला? 2000 साली आलेल्या 'डायब्लो 2'मधली त्याची छोटी ओळख म्हणते, दक्षिणेकडच्या दलदलीतला. त्याच गेमचं मॅन्युअल म्हणतं, रॅथ्माचे हे पुजारी पूर्वेच्या जंगलात, जमिनीखालच्या शहरात राहतात. एक गट सांगतो, दलदल ही लेखकांची चूक, सोडून द्या. दुसरा गट 2023च्या 'डायब्लो 4'चा नकाशा नाचवतो: ही बघा दक्षिणेला हवेझारची दलदल, जिंकलो!

माझं म्हणणं, दोघंही लोर वाचत नाहीयेत. पिनकोड शोधतायत.

डेटाबेसमध्ये दोन नोंदी जुळत नसतील तर एक डिलीट करण्याआधी ती कुणी भरली हे बघतात. इथंही बघा. छोटी ओळख लांबून बोलते. हा माणूस प्रकाशाच्या बाजूने लढतो हे तिला मान्य आहे, पण प्रेतं उठवणाऱ्याचा काय भरवसा, हा सूर लपत नाही. मॅन्युअल मात्र त्याच्या घरात शिरतं. तिथं कळतं की हे लोक मृत्यूची पूजा करत नाहीत. मृत्यू हा जगण्याचाच भाग, असं ते मानतात, आणि प्रकाश-अंधाराचा तोल कुठल्याच बाजूला कलंडू नये म्हणून झटतात. इतरांपासून लांब राहिल्यामुळेच त्यांची विद्या टिकली.

म्हणजे जंगल हा त्यांचा पत्ता आहे आणि दलदल हा इतरांनी मारलेला शिक्का. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, फक्त एक त्यांच्याबद्दल आहे आणि दुसरी बोलणाऱ्याबद्दल.

ही नजर आपल्याला नवीन नाही. मेलेली जनावरं ओढायचं काम जातीने ज्यांच्यावर लादलं, त्यांची वस्ती गावकुसाबाहेर. मसणजोगी या भटक्या समाजाच्या तर नावातच मसण आहे. ही माणसं कुणी जादूगार नव्हेत, आणि त्यांनी सोसलं ते काही फँटसी नव्हे. साम्य आहे ते फक्त नकाशा काढणाऱ्यांच्या सवयीत: मरणाशी संबंध येणाऱ्याची गरज सगळ्यांना, पण त्याचं घर वेशीच्या आत नको.

'गेम आहे रे, एवढं काय मनावर घेतोस?' हे उत्तर मला आळशी वाटतं. शेकडो तास ज्या जगात घालवतो, तिथल्या नकाशाची सवय डोळ्यांना लागतेच. हवेझारमध्येही व्हिस्पर्सच्या झाडाला माणसांची मुंडकी लटकतात. 23 वर्षांनीही मरणाचा सौदा करायला चिखलातच जावं लागतं, आणि आपण त्याला पुरावा म्हणून टाळ्या वाजवतो.

म्हणून ती दलदलीची ओळ पुसू नका. ती पुसली तर सँक्च्युअरीतले लोक आपल्याच रक्षणकर्त्याला किती घाबरत होते, याची खूण जाईल. फक्त तिला पत्ता समजू नका. नेक्रोमॅन्सर कुठला, यावर पुढचा वाद पेटेल तेव्हा आधी विचारा: त्याला तिथं राहायला कुणी सांगितलं?