रंगांवर राग नाही, हिशेब दाखवा

तेजोमेघाचा एखादा देखणा फोटो समोर आला की आपल्याकडे दोन प्रकारचे उद्गार निघतात. एक, "अहाहा!" आणि दुसरा, "हे सगळं कॉम्प्युटरवर रंगवलेलं असतं हो!" दुसरा उद्गार काढणारा स्वतःला जरा अधिक शहाणा समजतो. माझे म्हणणे असे की, विचारायला हवा तो प्रश्न दोघांनीही विचारलेला नसतो.

हबल दुर्बिणीचे सर्वांत गाजलेले चित्र घ्या. १९९५ च्या एप्रिलमध्ये जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी गरुड तेजोमेघातले धुळीचे खांब टिपले. त्यात हिरवट धुके आहे, पिवळसर कडा आहेत. डोळ्याला हे कधीच असे दिसणार नाही. मग ते खोटे का?

तेजोमेघातले वायू ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी चेततात आणि ठरावीक तरंगलांबीवरच प्रकाशतात. हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरवर, एक इलेक्ट्रॉन गमावलेले गंधक ६७१.६ आणि ६७३.१ वर, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५००.७ वर. फिल्टर तेवढी अरुंद पट्टी आत सोडतो. गावातल्या दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच राहतो. कॅमेऱ्यात येते ते कृष्णधवल चित्र, एकेका वायूचे एकेक. आता हायड्रोजन आणि गंधक दोन्ही डोळ्याला तांबडेच. 'खरे' रंग द्यायचा हट्ट धरला तर दोघे एकमेकांत मिसळून जातात आणि कोणता वायू कुठे आहे हे कळेनासे होते. म्हणून गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा रंग देतात. लांब तरंगाकडून आखूड तरंगाकडे जाणारा क्रम त्यात तसाच राखलेला असतो. रोजकीर्दीतल्या नोंदींची आपण वेगवेगळ्या खात्यांवर खतावणी करतो, त्याला कोणी लबाडी म्हणत नाही!

खरा हस्तक्षेप पुढे असतो. अंधुक तेजोमेघ एका चित्रात दिसत नाही. पाच-पाच, दहा-दहा मिनिटांची डझनावारी चित्रे एकावर एक रचावी लागतात. प्रकाशाची नोंद चित्रांच्या संख्येच्या पटीत वाढते, खरखर मात्र तिच्या वर्गमुळाच्या पटीत. म्हणजे दुप्पट स्वच्छ चित्र हवे तर वेळ चौपट. घटत्या फलाचा नियम आम्ही कॉमर्सवाले वर्गात घोकतो, तो इथे आकाशात भेटतो. झाकण लावून घेतलेली काळी चित्रे वजा करून कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष काढतात आणि मग अंधारातले बारीक फरक ताणून दृश्य करतात. हबलच्या संग्रहातली मूळ चित्रे सर्वांना खुली आहेत. ती उतरवून मी हे करून पाहिले आहे. ताणण्यापूर्वी पडदा जवळजवळ काळाच असतो. किती ताणायचे हे करणारा ठरवतो, आणि तिथे आवड-निवड शिरते हे मान्यच केले पाहिजे.

म्हणूनच हिशेब हवा. कोणते फिल्टर, किती तास, कोणत्या वायूला कोणता रंग. हा हिशेब दिला की काय होते ते २०२२ साली दिसले. देवयानी दीर्घिकेचा फोटो आयझॅक रॉबर्ट्सने १८८८ मध्येच घेतला होता. त्यानंतर तिची किती चित्रे निघाली याची गणतीच नाही. तरीही मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी निरीक्षकांना तिच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची सुमारे दीड अंश लांब कमान सापडली. चंद्राच्या बिंबाच्या तिप्पट! दुर्बीण अवघी १०६ मिलिमीटरची, पण अनेक रात्रींचे मिळून शंभरावर तास. ऑक्सिजनच्या फिल्टरने त्या जागी इतका वेळ कोणी थांबलेच नव्हते. कॅमेऱ्याचा डाग नाही ना, हा संशय साहजिक होता. पण फिल्टर आणि जागा सांगितलेली असल्याने इतरांनी दुसरीकडून, दुसऱ्या दुर्बिणींनी पाहिले आणि कमान तिथेच होती. २०२३ मध्ये व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांसह त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

उलट, मोबाईलवर फिरत आपल्यापर्यंत येणाऱ्या चित्राखाली बहुधा 'नासाचा फोटो' एवढेच असते. कधी तो नासाचा नसतोही. त्यात आता खरखर पुसून तपशील टोकदार करणारे प्रोग्राम आले आहेत. शिकवलेल्या नमुन्यांवरून ते अंदाज बांधतात, आणि कधी कधी मूळ नोंदीत नसलेला धागाही काढून ठेवतात. रंग बदलणे म्हणजे खाते बदलणे. हा मात्र न झालेला व्यवहार वहीत चढवणे झाले. माझा राग यावर आहे, रंगांवर नाही.

खांबांच्या त्या चित्राचा एक कोपरा पायऱ्यांसारखा काळा आहे, हे किती जणांच्या लक्षात आले असेल? चार कॅमेऱ्यांपैकी एकाचे दृश्यक्षेत्र लहान होते, म्हणून तिथे नोंदच नाही. तो कोपरा भरून काढणे काही अवघड नव्हते. त्यांनी तो काळाच ठेवला.

आपल्या विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकावर तेजोमेघाचे चित्र लागेल तेव्हा खाली चार ओळींची चिठ्ठी असावी, एवढीच माझी सूचना आहे. मराठीत तेजोमेघ लिहा, कन्नडमध्ये नीहारिके लिहा. फिल्टर आणि तास मात्र दोन्हींत लिहा.