ठोकळ्यावर कुणाचे नाव?

उल्हासनगरला कॅम्प नंबर ३ मध्ये मानचिन्हे बनवून देणारे एक दुकान आहे. स्नेहसंमेलनाच्या ढाली आणायला मी तिथे गेलो होतो. ढाली तयार नव्हत्या, म्हणून बाकावर बसून राहिलो. समोर एक कारागीर तळहाताएवढा पारदर्शक ठोकळा कापडाच्या फिरत्या चाकावर घासत होता. काचेचा वाटावा असा, पण ॲक्रिलिकचा. आत कागदाचा एक कपटा होता आणि त्यावर दोन कंपन्यांची नावे, एक इथली, एक परदेशातली. खाली तारीख आणि बँकेचे नाव.

"हे कसलं बक्षीस?" मी विचारले.

"बक्षीस कुठलं! सौदा झाला, त्याची आठवण. पंचवीस नग आहेत."

घरी आल्यावर थोडे वाचले. एका कंपनीने दुसरी विकत घेतली, किंवा मोठे भांडवल उभे राहिले, की सौदा जमवणाऱ्या बँका असे ठोकळे करून संबंधितांना वाटतात. ही प्रथा अमेरिकेत १९७० च्या दशकात रूढ झाली. त्याआधी अशा व्यवहाराची चौकटीतली रुक्ष जाहिरात वर्तमानपत्रात येई. ती थडग्यावरच्या लेखासारखी दिसते म्हणून तिला 'टूम्बस्टोन' म्हणत. पुढे तीच जाहिरात छोटी करून प्लॅस्टिकमध्ये ओतू लागले आणि नावही तेच राहिले. सौद्याच्या आनंदाला थडग्याचे नाव द्यावे, हा विनोद त्यांचा त्यांनाच सुचला असावा!

आपल्या भागाला परदेशी व्यवहार नवे नाहीत. अंबरनाथच्या विम्कोचेच पाहा. १९२२ साली परदेशी काड्यापेट्यांवरची जकात ग्रोसमागे दीड रुपया झाली. माल पाठवणे परवडेना, तेव्हा स्वीडिश मॅच कंपनीने १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढून इथेच कारखाने उभारले. त्या स्वीडिश कंपनीचा प्रमुख ईवार क्रूगर सरकारांना कर्जे देऊन बदल्यात काड्यापेट्यांची मक्तेदारी घेत असे. १९३२ मध्ये पॅरिसला त्याचा अंत झाला. पण अंबरनाथमध्ये ओंडके सोलले जात राहिले, पातळ पट्ट्यांच्या काड्या होत राहिल्या, मेणात बुडून त्यांना गुल चढत राहिला. 'शिप' छापाची पेटी कुणाच्या घरी नव्हती? २००५ मध्ये स्वीडिश मॅचने विम्कोतला आपला हिस्सा आयटीसीच्या समूहाला विकला. आता अंबरनाथला काड्या होत नाहीत. विम्को नाका तेवढा आहे.

या सौद्याचा ठोकळा करायचा झाला तर त्यावर काय येईल? घेणारा, विकणारा, दिनांक. 'अंबरनाथ' हा शब्दसुद्धा येणार नाही. ज्यांच्या बोटांना गंधकाचा वास लागला होता, त्यांचे तर नावच नको. माझी तक्रार आहे ती एवढीच.

कुणी म्हणेल, सही करणाऱ्यांनीही रात्री जागवल्या असतील, त्यांनी टेबलावर आठवण ठेवली तर तुझे काय गेले? खरे आहे, माझे काही गेले नाही. पण व्यापारात मिळवल्याची आठवण ठेवायची दुसरी एक रीत आपल्या शेजारच्या कल्याणनेच घालून दिली आहे. कल्याण हे तेव्हा समुद्रापारच्या व्यापाराचे बंदर होते. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस'मध्येही त्याचे नाव आहे. तिथल्या लोकांनी कान्हेरीच्या लेण्यांत जे कोरून ठेवले ते वाचावे. त्यात व्यापारी आहेतच, पण कल्याणचा एक सोनार आहे, त्याने पाण्याची पोढी दिली. एक लोहार आहे, त्याने वाट करून दिली. नाव, गाव, धंदा आणि काय दिले, एवढाच मजकूर. कार्ल्याच्या चैत्यात तर यवनांनीही खांब दिले आहेत. लोहाराचे नाव सावकाराच्या बरोबरीने दगडावर चढले, याचे मला फार अप्रूप वाटते. शिवाय त्या आठवणीचे पाणी कुणीही तहानलेला पिऊ शकत होता. ॲक्रिलिकचा ठोकळा फार तर कागद उडू नयेत म्हणून उपयोगी.

कंपन्यांनी आता पोढ्या खोदाव्यात असे मी म्हणत नाही. पण कारखान्याचा व्यवहार झाला तर ठोकळ्याबरोबर त्या कारखान्याच्या फाटकाशीही एक पाटी लागावी: इथे काय बनत होते, कधीपासून, आणि कोणत्या खात्यात कोण कामाला होते. फाटकच उरले नसेल तर नाक्यावर लागावी.

नाक्यावरच्या पाटीसाठी आधी नावे हवीत, आणि ती कुठल्या बँकेकडे मिळणार नाहीत. आमच्या इतिहास विभागाने दरवर्षी लेण्यांची सहल काढावी, जरूर काढावी. पण एक वर्ष ती अंबरनाथच्या चाळींत न्यावी. विम्कोत काम केलेली माणसे तिथे अजून भेटतात. रविवारी सकाळी वही घेऊन निघायला तिघे-चौघे मिळाले तरी पुरेत. माझे नाव त्यात धरावे.