शाल-श्रीफळाचे सदस्य

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला बसवलेल्या नागरी सदस्यांना प्रशिक्षण द्यायला हवं, हे आता सगळेच म्हणू लागलेत. निवृत्त अधिकारी म्हणतात, मंत्रालयातले बाबू म्हणतात, परिसंवादात माइक हाती आलेला प्रत्येक जण म्हणतो. इतकं एकमत दिसलं की माझ्यातल्या वकिलाला संशय येतो. एखादी गोष्ट ज्याच्या गैरसोयीची, तोच तिला मान डोलवू लागला तर त्याने ती एव्हाना आपल्या सोयीची करून घेतलेली असते.

आधी प्रकरण काय ते सांगते, कारण आपल्या राज्यात असं काही प्राधिकरण आहे हेच बहुतेकांच्या गावी नाही. प्रकाश सिंह हे निवृत्त पोलीस महासंचालक. त्यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, निकाल आला. त्यातल्या सात निर्देशांपैकी सहावा पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. राज्य पातळीवर एक, जिल्ह्यात एक. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार अशा तक्रारी त्यांनी पाहायच्या. जिल्ह्याच्या प्राधिकरणाने खंडणी आणि जमीन-घर बळकावण्याच्यासुद्धा. सदस्यांनी पूर्णवेळ काम करायचं, त्यांना योग्य मोबदला द्यायचा, प्रत्यक्ष चौकशीसाठी सीआयडीतून वगैरे निवृत्त झालेले तपासी लोक घेता येतील, हे सगळं निर्देशात आहे. या सदस्यांनी काय शिकून यावं यावर एक ओळ नाही. महाराष्ट्राने पोलीस कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४ मध्ये, आणि जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग घातला. म्हणजे ज्याला आपल्या तालुक्याच्या ठाण्यात मार बसला, त्याने कुठल्या शहराची एसटी धरायची ते आपण ठरवून टाकलं.

राज्य प्राधिकरणातल्या नागरी सदस्यासाठी कायद्याने पात्रता सांगितली ती एवढीच, की माणूस नागरी समाजातला प्रतिष्ठित असावा. आता प्रतिष्ठित माणसाचा आणि पोलीस ठाण्याचा संबंध येतो कधी? पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला. तेव्हा खुर्ची मिळते, चहा मिळतो, ‘सर, तुम्ही कशाला आलात, आम्हीच माणूस पाठवला असता’ असं ऐकायला मिळतं. लॉकअपच्या बाजूचं बाकडं त्याने पाहिलेलंच नसतं. हा त्याचा दोष नाही. पण ज्या खोलीत आपल्याला फक्त चहा मिळाला, तिथे दुसऱ्याला चौदावं रत्न मिळालं यावर विश्वास ठेवायला मनाची बरीच तयारी लागते, आणि ती तयारी करून देणं हे सरकारचं काम होतं.

सरकारला हे जमत नाही असंही नाही. बाल न्याय कायदा, २०१५ उघडून बघा. बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजसेवक बसतात, आणि नेमणुकीपासून साठ दिवसांत मंडळाच्या सगळ्या सदस्यांना, अगदी दंडाधिकाऱ्यालाही, प्रशिक्षण मिळालंच पाहिजे असं कलम ४ मध्ये लिहिलेलं आहे. नवा न्यायाधीश उत्तनच्या न्यायिक अकादमीत जातो. सरपंचांसाठी यशदाचे वर्ग चालतात. ग्रामपंचायतीचा ठराव कसा लिहावा हे शिकवण्याची सोय या राज्यात आहे, आणि कोठडीत मेलेल्या माणसाचा शवविच्छेदन अहवाल कसा वाचावा हे ज्याने ठरवायचं त्याच्या हातात शाल-श्रीफळ!

कुठे प्रशिक्षण झालंच तर ते कसं होतं, तेही मी पाहिलेलं आहे. अशाच एका तक्रार समितीच्या सदस्यांसाठी भरलेल्या एका दिवसाच्या वर्गाला मला श्रोता म्हणून बोलावलं होतं. गाव आणि खातं सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. दीपप्रज्वलन झालं, रोपटी देऊन स्वागत झालं. पहिलं व्याख्यान ‘पोलिसांसमोरील आव्हाने’. दुसरं ‘पोलिसांवरील ताणतणाव’. तिसरं, जेवणाआधीचं, ‘खोट्या तक्रारी कशा ओळखाव्यात’. खऱ्या तक्रारी कशा ओळखाव्यात याला वेळापत्रकात जागा नव्हती. जेवण उत्तम होतं. दुपारी नियंत्रण कक्षाची फेरी आणि मग गोळीबाराच्या मैदानावर प्रत्येक सदस्याला पिस्तुलातून गोळ्या झाडायला मिळाल्या. एक निवृत्त प्राचार्य इतके खूश झाले की त्यांनी कानावरचे मफ न काढताच फोटो काढून घेतला.

एका बाईंनी मात्र, बहुधा शिक्षिका असाव्यात, हात वर करून विचारलं, “स्टेशन डायरी आम्हाला बघायला मिळते का?” व्यासपीठावरून उत्तर आलं, “मॅडम, ते फार टेक्निकल असतं. तुम्ही त्यात पडू नका. आम्ही सारांश काढून देतो ना!” सभागृहात कुणाला काही खटकलं नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानेच पुराव्याचा सारांश काढून द्यायचा आणि न्याय करणाऱ्याने तो वाचून आभार मानायचे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच.

पोलिसांवर ताण असतो, हे मला त्या व्याख्यात्याइतकंच माहीत आहे. बंदोबस्तात तासन् तास उभी असलेली महिला शिपाई मी रोज पाहते. गळके क्वार्टर, रद्द झालेल्या रजा, साहेबांच्या घरची कामं, सगळं खरं. हे ज्याने सोडवायचं ते गृहखातं आहे. ताणाची व्याख्यानं त्यांना ऐकवा. चौकशी करणाऱ्याला ती ऐकवण्यात एकच हेतू असतो, फाइल उघडण्याआधीच त्याचं मन मऊ करणं.

मग शिकवायचं काय? माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणावरून सांगते. रंगकाम करणारा एक पोरगा. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे दुपारी त्याला अटक झाली, पळताना तो पडला आणि त्याला खरचटलं. त्याच संध्याकाळी सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी झाली. घरच्यांचं म्हणणं, दोन दिवस आधीच डीबीच्या, म्हणजे गुन्हे प्रकटीकरण पथकाच्या, लोकांनी त्याला उचलला होता. फाइलमध्ये दोन कागद एकापाठोपाठ एक लावलेले. स्टेशन डायरीत त्या दोन दिवसांत पोराचं नावही नाही. आणि डॉक्टरच्या कागदावर मांडीमागच्या वळांचं वर्णन: दोन समांतर रेषा, मधली पट्टी मोकळी, रंग कडेने पिवळसर. खाली ‘साधी दुखापत, बोथट वस्तूने’.

न्यायवैद्यकाचं कुठलंही पुस्तक सांगेल की रुळांसारखा असा जोडवळ काठी किंवा दांडक्यासारखी लांबट गोल वस्तू जोरात बसली की उठतो. रस्त्यावर पडून तो उठत नाही. रंगावरून वळाचं नेमकं वय सांगता येत नाही, सावळ्या कातडीवर तर रंग दिसायलाच कठीण, हे खरं. पण एक गोष्ट तज्ज्ञ बऱ्यापैकी ठामपणे सांगतात: अठरा तास उलटण्याआधी पिवळेपणा दिसत नाही. दुपारी पडलेल्या माणसाच्या अंगावर संध्याकाळी पिवळा वळ आला कुठून? सुनावणीत हा प्रश्न कुणी विचारला नाही. समोर बसलेल्या प्रतिष्ठित सद्गृहस्थांनी पोराला विचारलं ते हे: “पण तू पळालासच का?”

पिवळ्या वळावरून पोलीस दोषी ठरतात असं मी म्हणत नाही. तो आधीच कुठे मार खाऊन आला असेल, तर अटकेच्या वेळच्या अंगझडतीत आणि तपासणीत ती जखम लिहिलेली हवी. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये तेच सांगितलं: अटकेचा मेमो करा, त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या साक्षीदाराची सही घ्या, अंगावरच्या खुणा नोंदवा, कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरकडून तपासा. चार कागद शेजारी ठेवून वेळा जुळवायच्या, एवढंच काम. मेमोवरची वेळ, डायरीतली वेळ, दवाखान्याच्या रजिस्टरातली वेळ आणि दंडाधिकाऱ्यासमोर उभं केल्याची वेळ. खोटं बहुतेक वेळा शब्दांत सापडत नाही, या वेळांमधल्या फटीत सापडतं. हे शिकायला कायद्याची पदवी लागत नाही. किराणा दुकानाचं खातं तपासणारा माणूस हे जास्त चांगलं करेल.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, दारांपासून लॉकअपपर्यंत, सीसीटीव्ही लावायला सांगितले आणि चित्रण अठरा महिने, ते जमेना तर निदान वर्षभर, जपायला सांगितलं. सदस्याला हे ठाऊक असेल तर तक्रार हाती आल्याच्या आठवड्यात तो चित्रण जपून ठेवण्याचं पत्र पाठवेल. ठाऊक नसेल तर सुनावणीच्या चौथ्या तारखेला ‘कॅमेरा त्या दिवशी नादुरुस्त होता’ हे वाक्य ऐकून मान डोलवेल. आणि तळव्यांवर फटके मारले तर वरून खूण जवळजवळ दिसत नाही, हे तरी त्याला कुणी सांगितलंय? छळाच्या खुणा कशा शोधाव्यात, पीडिताशी कसं बोलावं, यावर संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेला इस्तंबूल प्रोटोकॉल १९९९ पासून तयार आहे. आपल्या वर्गात गोळीबार होता, हा नव्हता.

कुणी म्हणेल, परदेशात बघा, तिथे किती व्यवस्थित चालतं. बघू. न्यूयॉर्कचं नागरी तक्रार मंडळ १९९३ मध्ये पोलीस खात्यापासून पूर्ण वेगळं झालं. ते होऊ नये म्हणून आदल्या सप्टेंबरात सुट्टीवरच्या हजारो पोलिसांनी सिटी हॉलसमोर धिंगाणा घातला होता. आयुक्तांनी सुचवलेले सोडले तर बाकी सदस्यांचा पोलिसी पूर्वेतिहास नसावा, असं त्या शहराच्या सनदेतच आहे. १९९५ पासून नाकोल ही अशा मंडळांची राष्ट्रीय संघटना आहे. ती अधिवेशनं भरवते, अभ्यासक्रम चालवते, प्रमाणपत्र देते. यातलं घेण्यासारखं पुष्कळ आहे. पण अनेक शहरांत नव्या सदस्याला गस्तीच्या गाडीत पोलिसाशेजारी बसवून फिरवतात, हेही आहे. रात्रभर ज्याच्या शेजारी बसून कॉफी प्यायली, त्याच्या डोळ्यांनी रस्ता दिसू लागतो. मागच्या जाळीआड बेड्या घालून कुणी सदस्याला फिरवल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही.

तिथल्या वर्गांत १९८९ चा ग्रॅहम विरुद्ध कॉनर हा निकाल पाठ करून घेतात. ग्रॅहम हा मधुमेही माणूस. साखर उतरली म्हणून शार्लट शहरात संत्र्याचा रस घ्यायला दुकानात शिरला, रांग मोठी दिसली म्हणून घाईने बाहेर आला, आणि एवढ्यावरून पोलिसांना संशय आला. झटापटीत त्याचा पाय मोडला. मित्राने रस आणून दिला, तोही पिऊ दिला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिला की बळाचा वापर जागेवरच्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून तपासावा. फेरखटल्यात ग्रॅहम हरला. हा नियम नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी आहे. खात्याने आपल्या माणसांकडून याहून जास्त अपेक्षा करू नये, असं त्यात कुठेही नाही. पण प्रशिक्षकाने एकदा ‘नजर अधिकाऱ्याची’ हे सदस्याच्या डोक्यात घातलं की रांग पाहून परतलेल्या मधुमेह्याची नजर घ्यायला कुणी उरत नाही. नक्कल करायची तर हे वगळून करा.

उलट बाजूनेही एक युक्तिवाद येतो, आणि तो माझ्या मित्रांकडून येतो म्हणून जास्त चिडचिड होते. नागरी सदस्याची ताकद त्याच्या साधेपणात आहे म्हणे. शिकवलंत की तो अर्धा पोलीस होईल. हे ऐकायला गोड वाटतं. पण समोरचा अधिकारी कलमं फेकू लागला की साधा माणूस गप्प बसतो. ‘गुन्हे प्रकटीकरणाच्या कामी ताब्यात घेतले’ या वाक्यात ‘अटक’ हा शब्द जाणूनबुजून टाळलाय, हे अडाण्याला दिसत नाही. अज्ञानाला निरागसता म्हणून मिरवायचं असेल तर मंडळ नेमायचंच कशाला?

म्हणून वादाचा मुद्दा शिकवावं की नाही हा नाही, शिकवणार कोण हा आहे. माझी यादी छोटी आहे. शवागारात काम केलेला आणि बदलीची भीती संपलेला न्यायवैद्यकाचा प्राध्यापक. ठाण्यात डायरी लिहून निवृत्त झालेला हवालदार. अधिकारी नको, कारण डायरी मागून कशी लिहिली जाते, पान मोकळं कसं ठेवलं जातं, हे हवालदारालाच माहीत असतं. रिमांडच्या कोर्टात रोज उभा राहणारा कनिष्ठ वकील. आणि कोठडीतून सुटून आलेली, बोलायची तयारी असलेली माणसं, पारधी वस्तीतली असतील तर उत्तम, कारण गावात चोरी झाली की पहिली जीप कुठे जाते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्यांना मानधन द्या, व्यासपीठावरची खुर्ची द्या. पोलिसांना एक तास द्या, हरकत नाही, पण शेवटचा.

आणि अखेरीस परीक्षा घ्या. जुनी, निकाली निघालेली एक फाइल, नावं खोडून, प्रत्येकाच्या हाती ठेवायची आणि एकच प्रश्न विचारायचा: यात कोणता कागद नाही? ज्याला सांगता आलं नाही त्याने सुनावणीला बसू नये. निवृत्त सचिव आणि निवृत्त आयजी यांनाही तोच पेपर, तेवढाच वेळ. त्यातले काही जण पेपर बघून म्हणतील की सगळे कागद आहेत. त्यांना स्वागताचं रोपटं देऊन घरी पाठवावं.