ऊन किती, सावली किती?

रहिमतपूरचे नाव निघाले की नाटकवेड्या मराठी माणसाला वसंत कानेटकर आठवतात. सातारा जिल्ह्यातल्या या गावी शंभरएक वर्षांपूर्वी त्यांचा जन्म झाला. वडील शंकर केशव कानेटकर, म्हणजेच कवी गिरीश. माधव ज्यूलियन आणि यशवंत यांच्या बरोबरीने रविकिरण मंडळात गाजलेले, 'अभागी कमल' आणि 'आंबराई' लिहिणारे, आपल्या कविता लोकांसमोर गाऊन दाखवणारे. अशा घरातला मुलगा कवीच होणार, असे कोणीही म्हटले असते. पण मुलाने आधी कादंबऱ्या लिहिल्या आणि १९५७ मध्ये 'वेड्याचं घर उन्हात' हे पहिले नाटक घेऊन तो रंगभूमीकडे वळला. पुढे 'मत्स्यगंधा'ची पदे त्याने लिहिली खरी, पण महाराष्ट्राने त्याला ओळखले ते नाटककार म्हणून. घरात शब्दांची श्रीमंती होती. तिचे काय करायचे, हे मुलाने आपले आपण ठरवले.

याच कानेटकरांच्या लेखणीतून १९६२ साली 'रायगडाला जेव्हा जाग येते' उतरले. छत्रपतींवरची नाटके त्याआधीही झाली होती. पण थोर बाप आणि तेजस्वी मुलगा यांच्यात पडत जाणारे अंतर प्रेक्षकांनी इतक्या जवळून पाहिले नव्हते. दोघेही मोठे, दोघांचेही एकमेकांवर प्रेम, आणि तरीही दोघे एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. दहा वर्षांनी आलेल्या 'हिमालयाची सावली'त एका ध्येयवेड्या थोर माणसाच्या घरची माणसे काय सोसतात, ते त्यांनी दाखवले. ही नाटके पाहून डोळे पुसत बाहेर पडलेल्या पिढीची नातवंडे आज सुट्टीच्या दिवशी तबल्याच्या, नृत्याच्या, क्रिकेटच्या शिकवणीला निघालेली असतात. त्यांना पोहोचवणाऱ्या आई-बाबांपुढे तोच जुना प्रश्न नव्या वेषात उभा आहे. वाढत्या रोपाला सावली किती धरायची आणि ऊन किती लागू द्यायचे?

आजचे पालक मुलांच्या कलागुणांकडे लक्ष देत नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. उलट लहान गावांतही आज पालक पदरमोड करून मुलांना शिकवतात. गावात गुरू नसेल तर दुचाकीवर पुढे दप्तर आणि मागे मुलगी बसवून तालुक्याला किंवा साताऱ्याला नेतात. शिकवणी संपेपर्यंत बाहेर कट्ट्यावर बसून राहतात. या कष्टांचे मोल कमी लेखू नये. प्रश्न कष्टांचा नाही. हे कष्ट कोणाच्या स्वप्नासाठी चालले आहेत, याचा आहे.

दहावीच्या परीक्षेत खेळासाठी आणि कलेसाठी वाढीव गुण मिळतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा पूर्वीही होत्या, पण गुणांची जोड मिळाल्यापासून त्यांच्याकडे पाहण्याची घरोघरची नजर बदलली. शासनाचा हेतू चांगलाच होता. अभ्यासाबाहेरच्या मेहनतीलाही मान मिळावा, म्हणून ही सोय झाली. पण आपण हिशेबी माणसे. जे गुणपत्रिकेत दिसते तेच खरे, असे आपण मुलांना न बोलता शिकवतो. मग दहावी झाली की तबला माळ्यावर जातो, घुंगरू कपाटात जातात आणि रंगाच्या बाटल्या वाळून जातात. 'आता बारावी आहे, पुढे बघू' असे म्हटले जाते. ते 'पुढे' सहसा येत नाही. पाचसहा वर्षे ज्या मुलाला 'तुझ्या हातात जादू आहे' असे सांगितले, त्याला आपण एका उन्हाळ्यात सांगून टाकतो की ती जादू फक्त काही गुणांपुरती होती. मुले हे विसरत नाहीत.

याच्या उलटचे उदाहरण साताऱ्याजवळच्या शेरेवाडी गावात सापडते. तिथल्या अदिती स्वामीचे वडील शिक्षक. मुलीने काही तरी खेळावे, असे त्यांना वाटत होते. त्यांनी तिला साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर नेले. तिथे मुले वेगवेगळे खेळ खेळत होती. तिची नजर खिळली ती धनुष्यबाणांवर. मैदान वडिलांनी दाखवले, खेळ मुलीने निवडला. त्यानंतर मात्र वडिलांनी मागे पाहिले नाही. मुलीच्या सरावासाठी घर गावातून साताऱ्याला हलवले, महागडे धनुष्य आणि बाण घेण्यासाठी कर्ज काढले. पोलीस दलात नोकरी करणारे प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या हाताखाली ती तयार झाली. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ती कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती ठरली. त्याच दिवशी पुरुषांचे जगज्जेतेपद मिळवणारा नागपूरचा ओजस देवतळेही साताऱ्यात सावंत यांच्याकडेच शिकलेला.

आता कोणी म्हणेल, 'मुलांना काय कळते? आवड लावावी लागते.' त्यात तथ्य आहे. सांगलीच्या स्मृती मानधनाचे घर पाहा. वडील श्रीनिवास जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेले, भाऊ श्रवणही क्रिकेटपटू. भावाचा खेळ पाहत पाहत ही बॅट धरायला लागली. मुळात उजव्या हाताची ही मुलगी फलंदाजी डाव्या हाताने करते, कारण वडिलांना डावखुऱ्या फलंदाजांचे वेड होते. म्हणजे बापाच्या हौसेचा ठसा तिच्या प्रत्येक फटक्यावर उमटला आहे. वयाच्या नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आली. २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक उचलला, तेव्हा ती संघाची उपकर्णधार होती. घरचे वेड मुलांत उतरते आणि उतरावेही. पालकांनी कोरी पाटी होऊन बसावे, असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्या घरात क्रिकेट रोज खेळले जात होते, त्यावर आनंदाने बोलले जात होते. मुलीवर ते केवळ उपदेशातून आले नाही. ज्या घरात बाप कधी गाणे ऐकत नाही, आई कधी चित्रांचे प्रदर्शन पाहत नाही, तिथे मुलाने एकट्याने कलेची तपश्चर्या करावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आणि हेही ध्यानात घ्यायला हवे की अदिती आणि स्मृती आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्या जिंकल्या. तितकेच कर्ज काढलेली, तितकेच हेलपाटे घातलेली कितीतरी घरे आहेत, ज्यांची मुले जिल्हास्तरावरून परत आली. खरी परीक्षा त्या घरांची असते. मुलगा हरून आला, त्या रात्री जेवताना काय बोलणे होते? 'तुझ्यासाठी आम्ही एवढे केले' हे वाक्य निघाले, तर समजावे की आजवर दिले ते उसने होते आणि आता वसुली सुरू झाली. 'उद्या सरावाला जायचे आहे का?' असे विचारले आणि 'नाही' हे उत्तरही शांतपणे ऐकून घेतले, तर ते देणे मनापासूनचे होते. खेळातून बाहेर पडण्याची वाट मोकळी असेल, तरच मूल आत मनमोकळेपणाने खेळते.

घरात दुसरेही मूल असते, हे आपण पुष्कळदा विसरतो. एकीच्या स्पर्धेसाठी सगळ्या घराचे वेळापत्रक बदलते. सुट्टीतला प्रवास तिचा, बचत तिची, पाहुण्यांपुढचे कौतुक तिचे. ज्याच्या अंगी दिसण्यासारखा गुण नाही, तो धाकटा भाऊ कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवतो. 'हिमालयाची सावली' मोठ्या माणसांच्याच घरात पडते असे नाही. दहा वर्षांच्या गुणी मुलीचीही सावली भावंडावर पडते, आणि ती पाडणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

हा सगळा भार एकट्या आई-बापांनी उचलायचा का? आपल्या जिल्ह्याचा इतिहास तसे सांगत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मल्लाच्या घरात जन्मले. तालीम घरातूनच मिळाली. पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायचे, तर घरच्यांची ऐपत पुरणारी नव्हती. लोकांनी वर्गणी जमवली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यात बापाच्या आखाड्याची मातीही होती, आणि परक्या म्हणाव्या अशा एका शिक्षकाचे घरही होते.

आज कोणी घर गहाण ठेवावे, अशी अपेक्षा नाही. परीक्षा जवळ आल्या की शाळेतला खेळाचा आणि चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो. पालकसभेत त्याबद्दल एखाद्याने तरी विचारावे. गावातला एखादा पेटीवाला, जुना भजनी, निवृत्त पैलवान, नाटकात काम केलेला मास्तर आठवड्यातून दोन संध्याकाळ मुलांना वेळ देऊ शकेल. त्याला नगरपालिकेने, वाचनालयाने किंवा देवळाच्या विश्वस्तांनी एखादी खोली उघडून द्यावी. ज्या मुलांचे आई-बाप साताऱ्याच्या शिकवणीचा विचारही करू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तेवढेही पुष्कळ होईल. त्यातली बहुतेक मुले पुढे दुकान चालवतील, शेती पाहतील, नोकरी धरतील. संध्याकाळी घरी येऊन पेटी उघडतील आणि त्यांची मुले ते ऐकतील. एवढ्यासाठी शिकवलेले गाणे वाया गेले, असे कोण म्हणेल?

आज रविवार आहे. दुपारी जेवणे झाल्यावर मुलीला तिचे नवे चित्र दाखवायला सांगा, मुलाला नवा कायदा वाजवायला सांगा. परीक्षा कधी, स्पर्धा कधी, हे आजच्या दिवस विचारू नका. आणि धाकटा काही दाखवण्यासारखे नाही म्हणून लांब बसला असेल, तर आधी त्याला जवळ बोलवा.